उजवीकडून येणारी वीज

इजिप्तमधल्या दमियातच्या ज्या गल्लीतून रौहिया रोज शाळेत जाते, तिथे दोन्ही बाजूंना सुतारांचे कारखाने आहेत. सकाळी उन्हाची तिरीप दारातून आत शिरली की लाकडाचा भुसा हवेत तरंगताना दिसतो. मग रौहियाचे पाय थांबतात. हा कण त्या कणाला लागला तर तो कुठे जाईल, दोघे एकदम तिसऱ्याला लागले तर काय होईल, असल्या विचारांत ती इतकी गुंतते की मागून हातगाडी आलेली तिला कळत नाही. "मिस, सरकताय की तुम्हालाही खुर्च्यांबरोबर कैरोला पाठवून देऊ?" असं एका गाडीवाल्याने तिला विचारलं होतं. ती आपल्याच तंद्रीत "हो, चालेल," म्हणाली. गल्लीला तेवढं आठवडाभर पुरलं.

रौहिया आता चाळिशीला टेकली आहे. मुलींच्या औद्योगिक शाळेत ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि आईबरोबर राहते. लग्न झालं नाही याचं तिला फारसं वाईट वाटत नाही, आईला वाटतं ते दोघींना पुरतं. वडील कोरीवकामाचे कारागीर होते. त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या सोनेरी खुर्च्या बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरी पांघरून बसलेल्या असतात. त्यांच्यावर घरातलं कोणी बसत नाही. त्या पाहुण्यांसाठी आहेत, आणि पाहुण्यांनाही आई स्वयंपाकघरातच बसवते, कारण तिथे वारा येतो. दमियातमधलं प्रत्येक घर असंच आहे, त्यात नवल वाटावं असं काही नाही.

म्हणूनच असेल, शाळेतल्या त्या कपाटाचंही कोणाला नवल वाटत नव्हतं. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. त्यात सर्किट जोडायचे फलक होते, छोटे दिवे होते, तारा होत्या, आणि काळ्या फोममध्ये पाय रुतवून बसलेल्या चिपा होत्या. आपल्याकडे सरकारी मालाची रीत ठरलेली आहे. माल ज्याच्या नावावर, तो त्याच्या गळ्यात. फुटला, हरवला, जळला तर भरपाई त्याने द्यायची आणि वर चौकशीला तोंड द्यायचं. या कपाटाचा चार्ज अम्म मितवल्लींकडे होता. सगळी शाळा त्यांना अम्म, म्हणजे काका, म्हणायची. माणूस देवभोळा, सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी साधा हिशोब केला होता, की उघडलं नाही तर फुटणार नाही. नोकरीला लागल्यापासून त्यांनी ते कपाट फक्त वार्षिक मोजणीला उघडलं होतं, आणि तेव्हाही श्वास रोखून.

रौहिया स्वतः याच शाळेत शिकली. शाळकरी असताना ती एकदा त्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली होती. "अम्म, एकच दिवा पेटवून बघू द्या ना," तिने विचारलं होतं. अम्म मितवल्लींनी खिशातून पुदिन्याची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, फळ्यावर पेटव." पुढे ती तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकायला गेली, तिथेही एक कपाट होतं आणि त्याचेही कोणी अम्म होते. परीक्षा सगळ्या कागदावर झाल्या. अशा रीतीने रौहिया डिजिटल सर्किटांची शिक्षिका झाली, आणि खरी चिप तिने आयुष्यात हातात धरली नव्हती. याची तिला लाज वाटायची. ती कोणाला बोलून दाखवत नसे, पण फळ्यावर खडूने दिवा काढून त्याच्याभोवती किरण काढताना तिचा हात दर वेळी जरासा थबकायचा.

शिकवायची मात्र झकास. अँड गेट म्हणजे काय, तर बाबा हो म्हणाले आणि भाऊही हो म्हणाला तरच समुद्रकाठच्या रास-अल-बरची सहल. दोघांतला एकजण जरी नाही म्हणाला तरी घरी बसा. ऑर गेट म्हणजे आजी किंवा मावशी, कोणी एकीने होकार दिला तरी काम फत्ते. आणि नॉट गेट?

"माझी धाकटी बहीण," बसनत नावाची मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली होती. "जे सांगाल त्याच्या उलट."

बसनतची जीभ फार चालायची. पण रौहियाला ती आवडायची, कारण न समजलेलं समजलं असं ती कधी म्हणत नसे.

शाळेत संगणक आले तेव्हा रौहियाला वाटलं, आता कपाटाची गरज नाही. परदेशी लोकांनी सर्किटांचा आभास करणारी सॉफ्टवेअर्स बनवली होती. पडद्यावर गेट ठेवायचं, तारा ओढायच्या, खटका दाबायचा आणि दिवा लागतो का बघायचं. तिने मोठ्या हौसेने मुलींसमोर एक उघडलं, आणि तास संपेपर्यंत तिची हौस पार उतरली. त्या पडद्यावर खटके डावीकडे होते आणि दिवा उजवीकडे. मुलींची नजर सवयीने आधी उजवीकडे जायची, उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी वाचायला लागल्यापासून जाते तशी. त्या दिव्यावर बोट ठेवायच्या आणि तिथून मागे मागे यायच्या.

"मिस, हा आधीच पेटलाय. अजून तर आपण काही केलंच नाही," बसनत म्हणाली. "आणि मग त्याने ते खटके दाबले का?"

वर्ग हसला, पण रौहिया हसली नाही. घरी येताना ती सुतारांच्या गल्लीतही थांबली नाही. मुलींना फळ उजवीकडे दिसत होतं आणि कारण त्यांना कुठे सापडतच नव्हतं. सवय होईल, असं बाकीचे शिक्षक म्हणाले. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर हेच औषध सांगतात. रौहियाला ते पटलं नाही.

त्या वर्षी तिने स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. बहिणीच्या नवऱ्याने टाकून दिलेला संगणक तिने घरी आणला, तो ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून बाहेरच्या खोलीत मांडला, वडिलांच्या सोनेरी खुर्च्यांपैकी एकीवरची चादर काढली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. आईने एक दिवस अबोला धरला, दुसऱ्या दिवशी चहा आणून दिला. नमाजानंतरच्या त्या संध्याकाळी फार सुंदर होत्या. खिडकीतून नदीवरचा ओलसर वारा यायचा, खालून वार्निशचा वास यायचा, आणि पडद्यावर रौहिया एक देश वसवत होती. त्या देशात वीज उजवीकडून निघायची. खटके उजव्या काठाला, गेट मध्ये, दिवा डाव्या काठाला. चिपांनाही तिने त्याच दिशेला तोंड दिलं. चिपेच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, सुरुवात कुठून ते कळावं म्हणून. ती खाच तिने उजवीकडे काढली. तारेतून वीज निघाली की एक बारीक पिवळा ठिपका हळूहळू सरकत जायचा, जणू कोणी मेणबत्ती हातात घेऊन बोळातून चाललं आहे, आणि दिव्याशी पोचला की दिवा पेटायचा. एवढं सावकाश वीज चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पण तिला तो ठिपका जाताना बघायचा होता. कधी कधी ती काहीच लिहायची नाही, नुसती त्याला जाऊ द्यायची.

सॉफ्टवेअरचं नाव तिने कंदील ठेवलं. मुली त्यावर तुटून पडल्या. ज्या मुली फळ्याकडे बघून जांभया द्यायच्या त्या दोन अंकांची बेरीज करणारं सर्किट आपापसांत भांडत बनवू लागल्या. उन्हाळ्यात वीज जायची तेव्हाही एक लॅपटॉप चालू असायचा आणि अंधाऱ्या प्रयोगशाळेत सगळ्या त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मात्र नाक मुरडलं. जगभर वीज डावीकडून उजवीकडे जाते, ते म्हणाले. "वीज कुठूनही जाते, साहेब," रौहिया म्हणाली, "चित्र आपण काढतो." साहेबांनी चहा संपवला आणि शेरा न लिहिताच गेले.

अम्म मितवल्ली कधी कधी दाराशी उभे राहून बघायचे. आत येत नसत. पडद्यावरचा पिवळा ठिपका डावीकडे सरकत गेला की त्यांची मानही हलकेच डावीकडे वळायची.

मग त्यांच्या निवृत्तीचा महिना आला. नव्या माणसाची नेमणूक होणार नव्हती. कपाटाचा चार्ज रौहियाने घ्यावा असं मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवून टाकलं. समिती यायची होती, मोजणी व्हायची होती. मोजणीच्या आदल्या दुपारी शाळा सुटल्यावर अम्म मितवल्ली प्रयोगशाळेत आले, या खेपेला आतपर्यंत. किल्ली हातात होती.

"पोरी," ते म्हणाले, "तुला वेळ आहे का थोडा?"

"तुमच्यासाठी आहे, अम्म. बसा."

ते बसले नाहीत. "मी आयुष्यभर हे राखलं. घरी बायको विचारायची, काय आहे एवढं त्यात? मी म्हणायचो, सरकारचा माल आहे. आता उद्या सही केली की संपलं. पण त्यातलं काय काय करतं, ते मी एकदाही पाहिलं नाही." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "एक दिवा लावून दाखव. खरा."

रौहियाने किल्ली उचलली. हेच शब्द तिने कधीकाळी त्यांना म्हटले होते, ते त्यांना आठवत होते की नव्हते देव जाणे. तिला म्हणायचं होतं, अम्म, मी कधी केलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते म्हणवेना. ते तिच्याकडे असे बघत होते, जणू तिला सगळं येतं. एका माणसाला जाता जाता एवढंच हवं होतं, आणि ते देऊ शकणारी आसपास ती एकटीच होती.

कपाट उघडलं. फलकावरचं प्लास्टिकचं वेष्टन पिवळं पडून कडक झालं होतं, सोलताना त्याचे तुकडे पडले. रौहियाने फोममधून एक चिप उपटून तळहातावर घेतली. किती हलकी होती. तिच्या पडद्यावरच्या चिपांना वजन नव्हतं, म्हणून तिने कधी वजनाचा विचारच केला नव्हता. आणि तरी तिला ती ओळखीची वाटली, स्वप्नात पाहिलेल्या घराचं दार जागेपणी दिसावं तशी. तिने चिप फलकात बसवली, खाच उजवीकडे करून. बोटांनी ते आपसूकच केलं. मग पुस्तक उघडलं आणि त्यातल्या आकृतीप्रमाणे एकेक पाय मोजून तारा जोडल्या. दोन खटके, एक दिवा.

"दोन्ही दाबले तरच पेटेल," ती म्हणाली. "दाबा तुम्हीच."

अम्म मितवल्लींनी हात शर्टाला पुसले आणि दोन्ही खटके दाबले. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबले. काही नाही. क्षणभराने एक उग्र वास आला. अम्म मितवल्लींनी चिपेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"तापलीय," ते म्हणाले. "तापायला पाहिजे का?"

रौहियाने वीज बंद केली, पण उशीर झाला होता. तिला एका क्षणात सगळं दिसलं. पुस्तकातली आकृती परदेशी होती, तिच्यात खाच डावीकडे. तिने चिप बसवली स्वतःच्या देशातल्या रीतीने आणि तारा जोडल्या त्यांच्या. चिप उलटी बसली होती आणि वीज तिच्यात भलत्या पायाने शिरली होती. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. तिने मुलींना जे चित्र शिकवलं होतं त्याच चित्राने चिप जाळली होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

अम्म मितवल्ली पांढरे पडले होते. त्यांच्या सबंध नोकरीत त्यांच्या नावावरचं काही गेलं नव्हतं, आणि गेलं ते शेवटच्या दुपारी.

"अम्म, माझं चुकलं," रौहिया म्हणाली. "पण घाबरू नका. माझी बहीण कैरोत असते. बाब-अल-लूकच्या बाजारात असल्या चिपा ढिगाने मिळतात. आज फोन केला तर ती सकाळच्या गाडीबरोबर पाठवेल. फोममध्ये खोचून ठेवू. कोणाला कळायचं नाही."

"महाग असेल."

"छे. चहाच्या पेल्याएवढी किंमत."

हे बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. अम्म मितवल्ली आता हळूच स्टुलावर बसले. जळलेली चिप त्यांनी फलकातून काढून घेतली आणि उलटसुलट करून बघत राहिले.

"चहाच्या पेल्याएवढी," ते म्हणाले.

"आता स्वस्त झालीय, अम्म. तेव्हा नसणार."

"तेव्हाही फार नसणार." त्यांनी चिप टेबलावर ठेवली. बाहेर कुठेतरी रंधा चालू होता. "मला कोणी किंमत सांगितली नाही. मी कोणाला विचारली नाही. किती पोरी आल्या गं इथे उभ्या राहायला. तूही आली होतीस."

म्हणजे त्यांना आठवत होतं. रौहियाने डोळे पुसले.

"तुम्ही पुदिन्याची गोळी दिली होती," ती म्हणाली.

"मोठा दानशूर मी," अम्म मितवल्ली म्हणाले आणि खिन्नपणे हसले. मग त्यांनी फोमचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "दुसरी लाव."

"अम्म, ही पण गेली तर?"

"लाव म्हणतो ना."

या खेपेला रौहियाने घाई केली नाही. पुस्तक आणि फलक शेजारी शेजारी ठेवले, खाच डावीकडे केली, प्रत्येक तार मोठ्याने बोलून जोडली. अम्म मितवल्ली तिच्यामागे प्रत्येक तार मोठ्याने बोलत होते, समजत काही नव्हतं तरी. मग त्यांनी एक खटका दाबला. काही झालं नाही. दुसराही दाबला. आणि एक लाल, ठिणगीएवढासा दिवा, डाळिंबाच्या दाण्याएवढा, पेटला. मध्ये कोणताही पिवळा ठिपका सरकत गेला नाही. बोट दाबलं आणि उजेड तिथे होताच, जणू आधीपासून तिथेच बसून होता. रौहियाला कळेना आपण जागे आहोत की नाही. इतकी वर्षं ती ज्या गोष्टीचं स्वप्न बघत होती ती स्वप्नापेक्षा लहान होती, आणि ती बघून तिचं मन भरत नव्हतं.

अम्म मितवल्लींनी एक बोट उचललं. दिवा गेला. पुन्हा दाबलं. आला. ते असं करत राहिले, ऊन जमिनीवरून भिंतीवर चढेपर्यंत, आणि तिने त्यांना थांबवलं नाही.

संध्याकाळी ती घरी येऊन सोनेरी खुर्चीवर बसली आणि कंदील उघडलं. तिच्या त्या देशात आजवर काहीच कधी जळलं नव्हतं. कितीही चुका केल्या तरी दिवा फक्त लागायचा नाही, एवढंच. आता तिने चिपेची खाच दोन्हीकडे फिरवता येईल असं केलं, आणि चिप उलटी बसली तर ती आधी लाल होईल, मग तिच्यातून धूर निघेल आणि ती कायमची काळी पडेल अशी सोय केली. सकाळी पहिल्याच तासाला बसनतने हौसेने एकामागून एक चिपा जाळल्या. "मिस, हे आधी का नव्हतं?" तिने विचारलं. "हे तर खरं वाटतंय." रौहिया म्हणाली, "मलाच काल कळलं."

समिती दुपारी आली. तिघे जण होते. प्रमुख एक जाडे, दमेकरी गृहस्थ होते आणि त्यांना लवकर जायचं होतं. मुली खिडकीशी गर्दी करून उभ्या होत्या, कपाट आतून बघायला मिळणार म्हणून. कैरोहून बहिणीने पाठवलेली चिप सकाळीच आली होती. ती रौहियाच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली होती. फोममध्ये खोचायची संधी तिला मिळाली नव्हती, कारण अम्म मितवल्ली सकाळपासून कपाटापासून हलले नव्हते. मोजणी चिपांपर्यंत आली तसा तिचा जीव टांगणीला लागला. तिने पर्समध्ये हात घातला. खाली पडलेली सापडली असं म्हणायचं, एवढंच. एक पाऊल पुढे टाकायचं.

"एक कमी आहे," प्रमुख म्हणाले. "मितवल्ली, हे काय? हरवली?"

"नाही, साहेब."

"चोरीला गेली?"

"नाही."

"मग फुटली का? काहीतरी सांगा, म्हणजे मला लिहिता येईल."

अम्म मितवल्लींनी रौहियाकडे पाहिलं. तिचा हात पर्समध्ये होता हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून.

"वापरली," ते म्हणाले.

प्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. "वापरली? कशाला?"

"दिवा लावायला," अम्म मितवल्ली म्हणाले. "एक लागला. बाकीचे या पोरी लावतील."

खिडकीशी एकदम कुजबुज झाली. प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी तो शब्द लिहिला, तसाच, आणि कागद रौहियाकडे सरकवला. रौहियाने पर्समधला हात रिकामाच बाहेर काढला आणि अम्म मितवल्लींच्या सहीखाली आपली सही केली.